छात्राध्यापकांचे गट आणि न विचारलेले प्रश्न
(अध्यक्षीय भाषण)

शिकवताना अडल्यावर ज्यांना विचारता येते आणि ज्यांच्या अडचणीला आपल्याकडचे काही देता येते, अशा शिक्षकांशी प्रशिक्षणाच्या काळातच जोडलेला संबंध म्हणजे छात्राध्यापकाचे ऑनलाइन व्यावसायिक जाळे. त्यात वर्गातले सोबती असतात आणि सराव शाळेतले मार्गदर्शक शिक्षक असतात. कधीही प्रत्यक्ष न भेटलेला, पण तोच धडा दूरच्या तालुक्यात शिकवणारा कोणीतरीही असतो.

 

अशा जाळ्याचा विचार करणारी ही परिषद पुण्याच्या मंडईच्या परिसरात भरते आहे, याला अर्थ आहे. मंडईची इमारत 1886 मध्ये रे मार्केट या नावाने उभी राहिली. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षकांचा आग्रह धरला. 1848 मध्ये मुलींची शाळा जिथे सुरू झाली, तो भिडे वाडा येथून चालत काही मिनिटांच्या अंतरावर होता. बाजाराला पुढे फुल्यांचेच नाव मिळाले. शिक्षक घडवण्याचे त्यांचे मागणे मात्र अजून पुरे झालेले नाही.

शिक्षकांना एकमेकांशी जोडण्याची खटपटही पुण्यात जुनी आहे. पुणे ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख राहिलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी 'शालापत्रक' हे नियतकालिक चालवले. 1875 मध्ये ते बंद पडले. ताराबाई मोडक यांच्या 'शिक्षणपत्रिके'ने बालशिक्षणात काम करणाऱ्यांना अशीच सोबत दिली. शाळांच्या एकेका केंद्रातील शिक्षक केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकत्र बसू लागले, ती याच वाटेवरची पुढची पायरी.

आजची साधने सर्वांना ठाऊक आहेत. 'दीक्षा' हे शालेय शिक्षणाचे शासकीय ऑनलाइन व्यासपीठ 2017 मध्ये आले. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात पूर्वी 256 जण मावत, आता 1024 मावतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड आणि परदेशी वर्गांशी जोडलेले संवाद यांमुळे त्यांचे काम जगापुढे आले, आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटली. साधनांची उणीव आहे, हे गाऱ्हाणे म्हणूनच टिकत नाही.

खरे गाऱ्हाणे निराळे आहे, आणि ते आज या व्यासपीठावरून स्पष्टपणे मांडले गेले पाहिजे. छात्राध्यापकांच्या गटांत सर्वाधिक येणारा मजकूर म्हणजे 'कोणाकडे आठवीच्या विज्ञानाचे टाचण आहे का, पीडीएफ पाठवा'. टाचण येते, उतरवले जाते, सही होते, फाइल पूर्ण होते. पाठाची उद्दिष्टे, प्रस्तावनेचे प्रश्न, अपेक्षित उत्तरे, सारे तेच. बदलतात फक्त शाळेचे नाव आणि तारीख. वर्गात मुले अपेक्षित उत्तर देत नाहीत, तेव्हा काय करायचे हे त्या टाचणात नसते, आणि गटात ते कोणी विचारत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि किमान 20 आठवड्यांची आंतरवासिता ठेवली. इतके आठवडे रोज मुलांसमोर उभे राहूनही गटावर एक खरी अडचण उमटू नये, ही अध्यापक महाविद्यालयांसाठी गंभीर गोष्ट आहे. दोष तरुणांवर ढकलून चालणार नाही. निरीक्षण वहीतला शेरा गुणांशी बांधलेला असतो, त्यामुळे फसलेला पाठ लपवणे हेच शहाणपण ठरते. लपवण्याची सवय लागलेला माणूस कोणत्याही गटात गेला तरी विचारणार नाही.

याच परिषदेत दोन आक्षेप वारंवार ऐकू येतात. छात्राध्यापकाकडे देण्यासारखे काही नसते, हा पहिला. अनोळखी लोकांकडून चुकीचे शिकण्याचा धोका असतो, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर मंडईजवळच्या एका सराव शाळेतील प्रसंगाने मिळावे. पाचवीत अपूर्णांकांची बेरीज चालू होती. वर्गात भाजीविक्रेत्यांची बरीच मुले होती. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज बहुतेकांनी दोन पंचमांश अशी लिहिली. छात्राध्यापिका गोंधळली, तास कसाबसा संपला. निरीक्षक म्हणून मागे बसलेल्या प्रस्तुत वक्त्याने शेरा राखून ठेवला आणि तिला मुलांची उत्तरे, नावे वगळून, शिक्षक आणि छात्राध्यापकांच्या गटावर टाकायला सांगितले. तिने सोबत एकच प्रश्न लिहिला: हीच मुले अर्धा किलो आणि पाव किलो मिळून पाऊण किलो हे तोंडी अचूक सांगतात, मग फळ्यावर का चुकतात?

त्या संध्याकाळी गट जागा झाला. कोकणातील एका शिक्षकाने आपल्या वर्गातल्या वह्यांची पाने पाठवली. तिथेही हीच चूक होती. कोणी कागदाच्या पट्ट्या सुचवल्या. एकाने 'सरळ रीत पाठ करून घ्या' असे लिहिले, तर एका निवृत्त शिक्षिकेने छेद समान करण्याआधी दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून पाहायला लावा, असा सल्ला दिला. पुढच्या तासाला छात्राध्यापिकेने तराजूची वजने आणि पट्ट्या दोन्ही नेल्या. अर्धा भाग मोठा आणि बेरीज त्याच्याहून लहान कशी, हा प्रश्न एका मुलानेच विचारला. छात्राध्यापिकेने गटावर दिलेली चुकीच्या उत्तरांची यादी कोणत्याही तयार टाचणापेक्षा मोलाची होती, आणि ती नवख्या शिक्षकाकडूनच येऊ शकत होती. चुकीचा सल्लाही आला, पण चारचौघांत आल्यामुळे तो तपासला गेला. बंद खोलीत एकाच मार्गदर्शकाने दिलेला चुकीचा सल्ला वर्षानुवर्षे तसाच चालतो, हे या सभागृहातील कितीजण नाकारतील?

जाळे उभारण्याची रीत यातून निघते. सुरुवात हजार जणांच्या गटापासून करू नये. पाचसहा जणांचा, एकाच विषयाचा, दर आठवड्याला एक अडचण मांडणारा गट पुरतो. मांडताना इयत्ता, घटक, मुलांनी नेमके काय म्हटले आणि आपण काय केले, इतके लिहावे. उत्तर मिळाल्यावर ते वर्गात करून पाहावे आणि काय झाले ते परत कळवावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि गट तिथेच मरतो. ज्यांच्या उत्तरांनी काम झाले, त्यांच्याशी हळूहळू स्वतंत्र बोलणे वाढवावे. सुविचार, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भरतीच्या अफवा यांना वेगळा गट द्यावा.

मुलांच्या बाबतीत एक मर्यादा कडक हवी. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. कायदा नसता तरी रडवेल्या, अडखळणाऱ्या मुलाचा व्हिडिओ शिक्षकांच्या गटात फिरवणे गैरच. वहीचे पान पुरे, तेही नाव झाकून.

परिषदेपुढे काही कामे आहेत. फसलेल्या पाठाच्या प्रामाणिक नोंदीला आंतरवासितेत गुण मिळावेत, यासाठी विद्यापीठांकडे मागणी करावी. मुलांच्या नेहमीच्या चुकांचा विषयवार मराठी संग्रह हाती घ्यावा. त्याचे स्वरूप, संपादन आणि खर्च यांचा विचार कार्यकारिणीने सवडीने करावा. प्रशिक्षण संपल्यावर नेमणुकीची वाट पाहताना छात्राध्यापक गटातून गळतात. त्यांना धरून ठेवण्याची काही व्यवस्था प्रत्येक महाविद्यालयाने आपापल्या परीने करावी आणि पुढील अधिवेशनात तिचा अहवाल मांडावा.