घरची टाकी आणि आपली जबाबदारी

(वर्षावास कार्यक्रमात विहारात दिलेले भाषण)



विहारात शौचाच्या टाकीविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु भगवान बुद्धांनी झाडलोट करणाऱ्या सुनीतास संघात घेतले. महाडच्या 1927 सालच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा, असे आपल्या वाडवडिलांना बजावले. घाण काम कोणाच्या वाट्याला येते, हा धम्माचाच प्रश्न आहे.

आम्ही बँकेत घरकर्जाचे कागद पाहतो. अंदाजपत्रकात फरशी, कमान, ग्रॅनाइट सारे तपशीलवार असते. टाकीला एक ओळ. नांदेड-लातूरच्या कित्येक वसाहतींत घरोघरी सेप्टिक टँकच आहे. आपली काळी माती भिजली की फुगते, पाणी लवकर पीत नाही. पावसाळ्यात शोषखड्डा तुंबतो आणि मग टाकीची आठवण होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरी असे झाले. झाकणावर आम्ही हौसेने फरशी बसविलेली. गाडीवाल्याचे पैसे जास्त वाटले, म्हणून बादलीने उपसणारा एक माणूस घासाघीस करून ठरविला. त्याने कमरेला दोर बांधला आणि उतरण्यापूर्वी ओसरीवरील बाबासाहेबांच्या तसबिरीस हात जोडले. आमची मान खाली गेली. त्यास वरच थांबविले, ठरलेले पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी लांब पाइपाची उपसा गाडी बोलाविली.

मित्रहो, हा भावनेचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. जानेवारी 2017 मध्ये लातूरच्या औद्योगिक वसाहतीत तेल कारखान्याच्या टाकीत नऊ कामगार दगावले. मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे शौचटाकी साफ करताना पाच जण गेले. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायूला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण तो वाढला की नाक बधिर होते आणि वासच कळत नाही. एक कोसळतो, त्यास वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. आत दिवा सोडून पाहणे तर अधिकच घातक, कारण मिथेन पेट घेतो.

2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना माणूस टाकीत उतरविणे गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. घरमालकही यातून सुटत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये ठरविली. पण पैशाने गेलेला माणूस परत येत नाही.

म्हणून एवढेच करावे. दर दोन-तीन वर्षांनी, तुंबण्याची वाट न पाहता, गाडीनेच उपसा करावा. झाकण उघडे सापडेल असे ठेवावे. हवेच्या नळीस जाळी बांधावी, म्हणजे डास होणार नाहीत. कापड, प्लास्टिक, ॲसिड आत टाकू नये. बोअर टाकीपासून दूर घ्यावा. विद्यार्थ्यांनी नगरातील प्रत्येक घराच्या उपशाची तारीख एका वहीत लिहून ठेवावी. ती वही विहारात राहील.

आपल्या वाडवडिलांनी जे ओझे टाकले, ते आपण पैसे देऊन दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचे काय? याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरी द्यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!