वाळू धुताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या मे महिन्यात माझा नऊ वर्षांचा नातू शिरूरहून दौंडला आमच्याकडे सुट्टीला आला, तो काचेची टाकी घेऊनच. दोन फूट लांब, एक फूट रुंद. न्हावरे-चौफुला रस्त्याने एसटीत बसून, आईच्या आणि स्वतःच्या मांडीवर आडवी धरून त्याने ती आणली होती. दुकानदाराने सोबत रंगीत खड्यांची पिशवी दिली होती. निळे, गुलाबी, पोपटी खडे. नातू म्हणाला, "नाना, हे नकोत. नदीत कुठे असे खडे असतात? आपण खरी वाळू टाकू."

मला हसू आले. भीमेच्या काठावर राहणाऱ्या माणसाकडे वाळू मागायची, म्हणजे विहिरीवर उभे राहून पाणी मागण्यासारखेच. संध्याकाळी एक बादली घेऊन आम्ही दोघे नदीवर गेलो. खूप दिवसांनी मी पात्रात उतरलो होतो. ज्या जागी पूर्वी पाय घोट्यापर्यंत रुतायचे, तिथे उघडा खडक, काळा चिखल आणि वेड्या बाभळी. अर्धा तास हिंडूनही बादलीचा तळ झाकला नाही. "नाना, नदीतली वाळू कुठे गेली?" नातवाने विचारले. मी उत्तर टाळले. घरी आलो आणि आठवले, १९९८ मध्ये घर बांधले तेव्हा उरलेल्या वाळूचा छोटा ढीग परसात, कडुलिंबाखाली अजून आहे. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याच परसात पडले होते.

आता ही वाळू तयार कशी केली ते सांगतो, कारण घरोघरी मुले माशांची टाकी मागतात आणि आपण घाईने काहीतरी करून बसतो.

ढिगाचा वरचा थर बाजूला केला, कारण परसातली वाळू ही गल्लीतल्या सगळ्या मांजरांची सोय असते. आतली वाळू आधी मोठ्या चाळणीतून काढली, खडे गेले. मग बारीक जाळीच्या पिठाच्या चाळणीतून काढली, धूळ गेली. मधल्या जाडीची, रव्यासारखी वाळू उरली. फार बारीक वाळू तळाशी घट्ट बसते आणि तिच्यात पाणी खेळत नाही. फार जाड खड्यांच्या फटींत उरलेले खाणे आणि माशांची घाण जाऊन सडते.

नातवाने जुन्या स्पीकरचा चुंबक वाळूतून फिरवला. त्याला काळ्या कणांची दाढी फुटली! आपल्या नद्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून येतात. त्या पाषाणात लोहाचे खनिज असते, तेच हे कण. टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या मोटारीतही चुंबक असतो. हे कण तिच्यात अडकतात, म्हणून काढलेले बरे.

मग स्वयंपाकघरातून सिरका आणला. चमचाभर वाळूवर चार थेंब टाकले. जिथे बुडबुडे येतील तिथे चुना. आमच्या वाळूत थोडे बुडबुडे आले. चुनखडीचे कण आणि गोगलगायींच्या शिंपल्यांचे तुकडे होते. चुन्याने पाणी जड होते. सगळ्याच माशांना ते मानवत नाही, पण आम्हाला गोल्डफिश ठेवायचे होते आणि त्यांना जड पाणी चालते. म्हणून आम्ही दिसतील तेवढे तुकडे वेचले आणि पुढे गेलो.

खरे काम धुण्याचे. बादलीचा तिसरा हिस्सा वाळू घ्यायची, वरून पाणी सोडायचे, हात कोपरापर्यंत घालून ढवळायचे आणि गढूळ पाणी ओतून द्यायचे. साबण अजिबात नको. त्याचा अंश राहिला तरी माशांच्या जिवावर बेततो. पहिले पाणी चहासारखे आले, पाचवे ताकासारखे. चौदाव्या पाण्याला तळ दिसला. एवढे पाणी ओतताना जिवावर आले, म्हणून सगळे कडुलिंबाला आणि कढीपत्त्याला घातले.

टाकीत वाळू दीड इंच पसरली, मागे थोडी उंच आणि पुढे उतरती, म्हणजे घाण पुढे येते आणि काढता येते. थर फार जाड केला तर खाली हवा पोचत नाही. वाळू काळी पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडले, म्हणजे खड्डा पडत नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडावा म्हणून ते पाणी दोन दिवस उघड्या बादल्यांत ठेवले होते. मग पाच छोटे गोल्डफिश आले. टाकीच्या मानाने ते जास्तच होते, पण नातवाच्या हट्टापुढे माझे चालले नाही. ते मासे वाळू तोंडात घेत, चघळत आणि थुंकून टाकत. नातू तासन् तास ते पाहत बसे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तो शिरूरला गेला. टाकी आमच्याकडे राहिली. रोज संध्याकाळी फोन यायचा, "नाना, पाचही बरे आहेत ना?"

एका रविवारी तो येणार होता. त्याआधी टाकी लखलखीत करावी असे माझ्या मनात आले. काचेवर तपकिरी थर आला होता, वाळू मळकट दिसत होती. मी मासे बादलीत काढले, सगळी वाळू उपसली, उकळत्या पाण्याने धुतली आणि सगळे पाणी नवे भरले. टाकी आरशासारखी झाली. चौथ्या दिवशी एक मासा पाण्यावर उलटा तरंगत होता. आठवडाभरात तीन गेले. ते मला फोनवर सांगावे लागले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो एवढेच म्हणाला, "नाना, वाळू चांगली होती ना? मग परत का धुतली?"

माझा विषय मराठी, विज्ञानाशी संबंध दहावीपुरता. शेजारी विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षक राहतात, त्यांनी समजावले. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया सुटतो. तो विषारी असतो. वाळूच्या एकेका कणावर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू घर करतात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते माशांना फारसे बाधत नाही. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीला एक-दोनच मासे ठेवायचे आणि पुढेही आठवड्याला चौथा हिस्साच पाणी बदलायचे. वाळूच्या वरची घाण नळीने ओढून घ्यायची. वाळू उपसून, उकळून धुवायची नाही. "तुम्ही घाण काढली नाहीत," सर म्हणाले, "तुम्ही वस्ती उठवलीत."

तो शब्द मनात राहिला. शिरूर हे माझ्या लहानपणाचे गाव. आम्ही त्याला घोडनदीच म्हणायचो, नदीचे आणि गावाचे नाव एकच. उन्हाळ्यात नदी आटली की बायका कोरड्या वाळूत हातभर झिरा खणत. थोडा वेळ थांबले की तळाशी नितळ पाणी जमे. ते वाटीने घागरीत भरायचे. वर ऊन, खाली पाणी, मध्ये वाळू. झिऱ्यात कधी बोटभर मुरी वळवळायची आणि क्षणात वाळूत गडप व्हायची.

माझी दादी शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली होती. तिला पाणी लावायची मनाई होती. नमाजाआधी ती वजूऐवजी तयम्मुम करी. त्यासाठी अब्बांनी घोडनदीच्या स्वच्छ, कोरड्या वाळूची परात तिच्या उशाशी ठेवली होती. दादी तिच्यावर तळवे टेकवून चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवी. पाणी नसेल तिथे पाण्याच्या जागी वाळू, हे मी तेव्हा पाहिले होते. अर्थ कळायला तीन मासे मरावे लागले.

नदीतली वाळू म्हणजे नुसता बांधकामाचा माल नव्हे. ती पावसाचे पाणी धरून ठेवते, गाळून घेते, काठच्या विहिरींना पुरवते. ती उपसली की पात्र खोल जाते आणि विहिरी तळ गाठतात. नवी वाळू दगड झिजून, पुराबरोबर येते. पण घोडीवर डिंभ्याला धरण आहे, भीमेवर चासकमानला. वरून येणारी बरीच वाळू तिथेच अडते. म्हणजे जमा थोडी आणि खर्च फार.

कायदे झाले आहेत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान पट्ट्यांतल्या उपशालाही पर्यावरणाची परवानगी सक्तीची केली. राज्य सरकारने २०२३ मध्ये डेपोतून सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले, २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलाव आणले, आणि त्याच वर्षी दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन देण्याचे ठरवले. घरे तर बांधावीच लागणार, म्हणून हे शेवटचे मला महत्त्वाचे वाटते.

पण बोट फक्त ट्रकवाल्यांकडे दाखवून भागणार नाही. मी कागदावर हिशेब मांडला. नातवाच्या टाकीला पाव घनफूट वाळू लागली. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे अशा चारशे टाक्या. माझ्या घराला पंधरा ब्रास लागली होती. सहा हजार टाक्या! तेव्हा पावती पाहिली होती, नदी पाहिली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला. उरलेले दोन मासे ठीक होते. त्याने टाकीला हात न लावता आधी वाळू नीट पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "नाही धुतली." परसात अजून थोडी वाळू शिल्लक होती. मी हिशेबाचा कागद त्याला दाखवला. तो म्हणाला, "मग ही तरी नदीला परत देऊ." मी त्याला समजावणार होतो की एका बादलीने काही होत नाही. पण समजावले नाही. आम्ही बादली उचलून नदीवर गेलो आणि काठाशी, उथळ पाण्यात वाळू ओतली. पाणी थोडा वेळ गढूळ झाले, मग निवळले. हिशेब काही फिटला नाही. पण घरी येताना बादली रिकामी होती, आणि नातवाने ती माझ्या हातातून घेतली.