थकणारे स्नायु

श्रम केल्यावर थकवा यावा आणि विश्रांतीनें तो जावा, हा शरीराचा नित्याचा धर्म आहे. त्यामुळें थकव्याची तक्रार करणाऱ्या माणसाकडे कोणी फारशा काळजीनें पाहत नाहीं. परंतु असा एक विकार आहे कीं, ज्यांत हा नित्याचा थकवाच रोगाचें रूप घेतो. सकाळीं उठल्यावर रोगी बहुधा इतरांसारखाच दिसतो. दुपार उलटली कीं पापण्या खालीं येऊं लागतात. दिवेलागणीस एकाच्या दोन वस्तु दिसतात. अर्धी भाकरी खाऊन होते न होते तोंच जबडा चालेनासा होतो. आणि बोलतां बोलतां आवाज नाकांतून येऊं लागून शब्द अस्पष्ट होतात. कांहीं वेळ स्वस्थ पडलें कीं यांतील बरेंचसें ओसरतें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच क्रम सुरू होतो. वैद्यकांत या विकारास 'मायस्थेनिया ग्रेव्हिस', म्हणजे स्नायूंचें गंभीर दौर्बल्य, असें नांव आहे.

या रोगाचें पहिलें दुर्दैव असें कीं, त्याचें स्वरूपच रोग्याविरुद्ध साक्ष देतें. सकाळीं साऱ्या घराचा स्वयंपाक करणारी सून सायंकाळीं वेणी घालण्यापुरतेही हात वर धरूं शकत नाहीं, तेव्हां वडील माणसांस तो आळस वाटतो. पहिल्या तासास खणखणीत वाचणारा विद्यार्थी शेवटच्या तासास पुटपुटूं लागला, तर त्याचें लक्ष नाहीं असें ठरतें. डॉक्टरांकडे नेलें, तर तेथें बसून राहिल्यानें विश्रांति मिळालेली असते. तपासणीत विशेष कांहीं आढळत नाहीं, आणि दुखणें मनाचें आहे असा निर्वाळा मिळतो. वास्तविक, श्रमानें वाढणारें आणि विश्रांतीनें ओसरणारें दौर्बल्य हीच या रोगाची मुख्य खूण होय. ज्या गोष्टीवरून ढोंगाचा संशय घेतला जातो, तीच निदानाची किल्ली आहे.

ही खूण वैद्यांच्या नजरेस फार पूर्वीं आलेली होती. इंग्लंडांतील टॉमस विलिस या वैद्यानें १६७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथांत एका स्त्रीची हकीकत नमूद केली आहे. ती कांहीं वेळ बोलली कीं तिची वाचा बंद पडे आणि तासा-दोन तासांनीं पूर्ववत् होई. पुढें १८७९ सालीं एर्ब आणि १८९३ सालीं वॉर्सा येथील गोल्डफ्लॅम यांनीं या रोगाचीं लक्षणें व्यवस्थित मांडलीं. बर्लिनचे योली यांनीं १८९५ सालीं रोग्याच्या स्नायूस विजेचे धक्के देऊन पाहिले. धक्क्यामागून धक्का दिला असतां स्नायूचें आकुंचन उत्तरोत्तर क्षीण होत गेलें. वीज कोणाच्या इच्छेची वाट पाहत नाहीं. तेव्हां हें दौर्बल्य रोग्याच्या मनांतलें नसून त्याच्या शरीरांतलें आहे, याचा पुरावा त्याच वेळीं मिळाला होता.

उपचाराची वाट मात्र १९३४ पर्यंत सांपडली नव्हती. त्या वर्षीं ग्रिनिच येथील सेंट आल्फेज रुग्णालयांतील डॉ. मेरी वॉकर यांच्या ध्यानांत आलें कीं, या रोग्यांची अवस्था क्युरारे या विषाची बाधा झालेल्या माणसासारखी असते. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील मूळ रहिवासी बाणांस लावीत तें विष. फायझोस्टिग्मिन हें त्यावरील उतारा म्हणून ठाऊक होतें. वॉकरबाईंनीं तें आपल्या रोगी स्त्रीस टोंचून पाहिलें. थोड्याच वेळांत मिटलेली पापणी वर गेली, हातांत जोर आला, गिळणें सुधारलें. कांहीं तासांनीं गुण ओसरला. पण रोगाचें ठिकाण कोठें आहे, हें त्यावरून उमगलें.

तें ठिकाण मज्जातंतु आणि स्नायु यांच्या सांध्यांत आहे. हे दोन्ही एकमेकांस चिकटलेले नसतात. त्यांच्यामध्यें अतिसूक्ष्म फट असते. मेंदूकडून निघालेला हालचालीचा हुकूम मज्जातंतूच्या टोकापर्यंत विजेच्या रूपानें येतो आणि तेथून ॲसिटिलकोलिन नांवाच्या द्रव्याच्या रूपानें ती फट ओलांडतो. पलीकडे स्नायूच्या पृष्ठभागावर तें द्रव्य झेलणारे असंख्य ग्राहक असतात. त्यांनीं तें झेललें कीं स्नायु आकुंचन पावतो. काम होतांच दुसरें एक द्रव्य त्या ॲसिटिलकोलिनचें विघटन करून पुढच्या हुकमासाठीं जागा मोकळी करतें. हुकूम एकामागून एक येऊं लागले म्हणजे प्रत्येक खेपेस बाहेर पडणारें ॲसिटिलकोलिन थोडें थोडें कमी होत जातें. हें निरोगी शरीरांतही घडतें; पण तेथें द्रव्य आणि ग्राहक दोन्ही गरजेहून अधिक असल्यामुळें तूट जाणवत नाहीं.

या रोगांत ग्राहकच घटलेले असतात. पहिले कांहीं हुकूम कसेबसे पोंचतात. मग दोन्हींकडची तूट एकत्र होऊन एकेक स्नायुतंतु हुकूम ऐकेनासा होतो. विश्रांति मिळाली कीं द्रव्याचा सांठा पुन्हां भरतो आणि शक्ति परत येते. सकाळच्या आणि सायंकाळच्या स्थितींतील फरकाचें मूळ हें असें आहे. रोग्याच्या स्वभावाशीं त्याचा संबंध नाहीं. वॉकरबाईंचें औषध ॲसिटिलकोलिनचें विघटन रोखतें, त्यामुळें थोडें द्रव्यही अधिक वेळ कामीं येतें. आज दिल्या जाणाऱ्या पिरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या त्याच तत्त्वावर काम करतात.

ग्राहक घटतात कशानें, याचें उत्तर मिळण्यास आणखी कांहीं दशकें लागलीं. हा शरीराच्या संरक्षक व्यवस्थेचाच प्रताप असावा, असा तर्क ग्लासगोचे डॉ. जॉन सिम्प्सन यांनीं १९६० सालीं मांडला. १९७३ सालीं कॅलिफोर्नियांतील सॉल्क संस्थेंत पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम या शास्त्रज्ञांनीं विजेचे धक्के देणाऱ्या ईल माशापासून काढलेले ग्राहक सशांस टोंचले. सशांच्या रक्तांत त्या ग्राहकांविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार झालीं, आणि तींच सशांच्या स्वतःच्या ग्राहकांवर उलटून ससे लुळे पडले. त्याच वर्षीं अमेरिकेंतील दुसऱ्या संशोधकांनीं ग्राहक मोजण्यासाठीं मण्यार जातीच्या एका सापाचें विष वापरलें, कारण तें विष नेमकें या ग्राहकांनाच चिकटतें. रोग्यांच्या स्नायूंत ग्राहक फारच कमी भरले. रोगजंतूंशीं लढण्यासाठीं असलेलीं प्रतिद्रव्यें येथें आपल्याच शरीरावर चालून जातात. कुंपणानेंच शेत खावें, तसा हा प्रकार आहे.

छातीच्या मधल्या हाडामागें असलेल्या थायमस ग्रंथीचा या बिघाडाशीं निकट संबंध आहे. शंभरांतील सुमारें १० ते १५ रोग्यांत तिच्यावर गांठ आढळते. अशी गांठ असलेल्या एका तरुणीची ग्रंथि अमेरिकन शल्यवैद्य आल्फ्रेड ब्लेलॉक यांनीं १९३६ सालीं काढली आणि तिचें दौर्बल्य पुढें ओसरलें. गांठ नसलेल्या रोग्यांतही ही शस्त्रक्रिया उपकारक ठरते, हें १२६ रोग्यांवरील चांचणीनें २०१६ सालीं दाखवून दिलें. मात्र ती कोणास करावी, हें तज्ज्ञांनींच ठरवावयाचें असतें. याखेरीज प्रतिकारशक्ति आंवरणारीं स्टेरॉइडसारखीं औषधें आहेत, आणि कठीण प्रसंगीं रक्तांतील प्रतिद्रव्यें गाळून काढण्याचीही सोय आहे. हा रोग संसर्गजन्य नाहीं व सामान्यतः आनुवंशिकही नाहीं. योग्य उपचारांनीं बहुतेकांस आपला संसार आणि व्यवसाय सांभाळतां येतो.

तरीही त्याचें नांव गंभीर आहे, हें विसरून चालत नाहीं. गिळतांना ठसका लागूं लागणें, पाणी नाकांतून परत येणें, उताणें निजल्यावर श्वास अपुरा पडणें, मान सांवरेनाशी होणें, हीं धोक्याचीं चिन्हें होत. अशा वेळीं सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें, कारण श्वास घेणारे स्नायुही याच नियमानें थकतात. छातींत कफ किंवा ताप झाल्यास हा धोका वाढतो. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, मॅग्नेशियमचीं इंजेक्शनें आणि रक्तदाबावरील कांहीं गोळ्या यांनीं दौर्बल्य बळावूं शकतें. म्हणून कोणत्याही कारणासाठीं औषध घेतांना रोगाचें नांव डॉक्टरांस प्रथम सांगावें. स्टेरॉइड तर आपल्या मतानें एकाएकीं बंद करूंच नये.

निदानाच्या कामीं घरच्या मंडळींस मोठें साहाय्य करतां येतें. डॉक्टरांपुढें रोगी कांहीं मिनिटेंच असतो. घरच्यांच्या डोळ्यांपुढें तो दिवसभर असतो. कोणत्या वेळीं पापणी उतरली, किती वेळ बोलल्यावर आवाज बदलला, किती विश्रांतीनंतर सुधारला, हें एका वहींत आठ-पंधरा दिवस टिपून ठेवावें. सकाळीं एक आणि सायंकाळीं एक असें चेहऱ्याचें छायाचित्र घ्यावें, आणि तें सर्व मज्जाविकारांच्या तज्ज्ञापुढें मांडावें. रक्ततपासणीत प्रतिद्रव्यें आढळलीं नाहींत, तरी तेवढ्यानें रोग नाहीं असें सिद्ध होत नाहीं. अशा वेळीं त्या वहीचें मोल अधिकच वाढतें. पूर्वीं जो फरक पाहून घर रोग्यास दोष देई, तोच फरक नीट टिपून ठेवला, तर त्यास वर्षानुवर्षें न मिळालेला उपचार मिळूं शकतो.