बुडालेल्यांची चित्रे कोठे आहेत?

(बडनेरा येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका खेडेगावच्या शिक्षकाने केलेले भाषण)



फ्रान्सिस बेकन हा इंग्रज विद्वान १५६१ साली लंडनात जन्मला. १६२० साली लॅटिन भाषेत छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने एक जुनी गोष्ट सांगितली आहे. एका मनुष्याला लोकांनी देवळात नेले. तेथे गलबत फुटले असता नवस बोलून वाचलेल्यांची चित्रे टांगलेली होती. आता तरी देवाचे सामर्थ्य मानतोस काय, असे त्यांनी विचारले. तेव्हा नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत, असा त्याने उलट प्रश्न केला.

मंडळी, बेकनच्या शिकवणीचे बीज ह्या प्रश्नात आहे. फळलेले तेवढे आपण ध्यानात ठेवतो, फसलेले विसरतो. म्हणून तो म्हणे, तीन याद्या करा. गोष्ट जेथे आढळते त्यांची पहिली. बाकी सारे सारखे असून जेथे आढळत नाही त्यांची दुसरी. जेथे कमीजास्त होते त्यांची तिसरी. उष्णतेचा शोध करताना त्याने ऊन पहिल्या यादीत घातले, चांदणे दुसऱ्या. ओल्या गवताची गंजी आतून तापते, हेही त्याने टिपले. मग तिन्ही याद्या ताडून निर्णय करावा.

ही दुसरी यादी माणसांचे प्राण कशी वाचवते ते पाहा. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग आला. जे कैदी राजीखुशीने पुढे आले त्यांना लस टोचली, इतरांना नाही. अन्न तेच, भिंती त्याच. न टोचलेल्यांत आजारी जास्त पडले व मेलेही जास्त. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले वारल्या.

आता आपल्या पऱ्हाटीकडे वळू. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि बोंडअळीची कटकट गेली असे आपण धरून चाललो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातील बोंडे पोखरली. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणीच्या विषाने शेतकरी व मजूर दगावले. आजही दुकानदार भरघोस पिकाचे चित्र दाखवतो. त्याला विचारा, हेच औषध मारून ज्यांचे बुडाले, त्यांची चित्रे कोठे आहेत?

नवे औषध आणाल तर सारे वावर त्याच्या हवाली करू नका. एकाच जमिनीत, एकाच दिवशी पेरलेल्या काही तासांना ते द्या, मधली काही तासे तशीच सोडा. दोहोंचा कापूस वेगळा वेचा, वेगळा मोजा, खर्चासह वहीत लिहा. शेजाऱ्यांच्या दहा वह्या पारावर एकत्र वाचल्या, तर कर्जाचा पैसा कोठे जिरतो ते दिसेल.

शेवटी एक सांगतो. हाच बेकन इंग्लंडात मोठ्या न्यायाधिकाराच्या पदावर होता. १६२१ साली लाच घेतल्याचे कबूल करून त्याला ते सोडावे लागले. तेव्हा बेकनचीही पूजा नको. त्याची रीत घ्या आणि माझे बोलणेही तिनेच पारखा.