सांडपाण्याची रवी

दाना ओलीतील एखाद्या जुन्या घराच्या मोरीत रिकामा केलेला तांब्या पुढे कोठे जातो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. लष्कर भागातील सांडपाणी वर्षानुवर्षे सुवर्णरेखेत उतरत आले. फुलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे. तिच्याजवळून वाहणारी ही नदी. पण आज तिला लोक नाला म्हणतात! हे नाव पुसावयाचे असेल तर पाणी नदीत सोडण्यापूर्वी शुद्ध झाले पाहिजे. ते काम मुख्यतः जीवाणू करतात, आणि त्यांना लागतो प्राणवायू. मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली ही क्रिया जगापुढे मांडली.

हा प्राणवायू पाण्यात मिसळण्याची एक रीत आपल्या ताकाच्या रवीसारखी आहे. टाकीच्या मध्यावर, पाण्याच्या पृष्ठभागाशी पात्यांचे चक्र फिरते. पाणी छत्रीसारखे उडते आणि हवा घेऊन खाली पडते. कामगार या यंत्राला एरेटर म्हणतात. स्वच्छ पाण्यात २० अंश उष्णतेला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. ग्वाल्हेरच्या वैशाखात जीवाणूंची भूक वाढते, आणि नेमका तेव्हाच पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

यंत्र बिघडले म्हणून ओरड होते, तेव्हा प्रथम पाण्याची पातळी पाहावी. पाती थोडी अधिक बुडाली तरी मोटरवरील भार वाढतो. उघडी पडली तर ती नुसती पाण्याला चापट्या मारतात. अँमीटरचा आकडा रोज वहीत टिपणारा कामगार अर्धा अभियंताच समजावा. आकडा चढला आणि यंत्र धडधडू लागले, तर पात्यांना चिंध्या, केस किंवा प्लास्टिक गुंडाळले असण्याचा संभव फार. ते काढावे हे खरे; पण खरा दोष अलीकडच्या जाळीत असतो, ती वेळेवर साफ झालेली नसते. पात्यांना हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवावा. दुसऱ्याच्या शब्दावर येथे विसंबू नये.

एके ठिकाणी मोटर दुरुस्त होऊन आली आणि टाकीला दुर्गंधी सुटली. यंत्र फिरत होते, आवाज होता, फवारा मात्र निस्तेज. दोन दिवस सगळ्यांनी जीवाणूंनाच दोष दिला! तीन तारांपैकी दोन उलट जोडल्या गेल्याने चक्र उलटे फिरत होते. पात्यांच्या दिशेचा बाण मोटरवर रंगवून ठेवण्यास फारसा खर्च लागत नाही. गिअरपेटीतले तेल दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे, असे समजून यंत्र थांबवावे.

विजेच्या बिलाला भिऊन रात्रभर यंत्र बंद ठेवणारेही भेटतात. गाळ तळाशी बसतो, त्यातला प्राणवायू संपतो, आणि पहाटे काळे पाणी व कुजका वास! त्यापेक्षा टाकीतला विरघळलेला प्राणवायू मोजावा. तो लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास राहिला की पुरे. तो सतत बराच वर असेल, तर टाकीच्या सांडव्याची फळी थोडी खाली करावी. पाती कमी बुडतील, अँमीटर उतरेल आणि जीवाणूही उपाशी राहणार नाहीत.