चंद्र म्हटला की शरद

जपानी हायकू ती केवढी? पाच, सात आणि पाच मिळून सतरा अक्षरांची. एवढ्याशा जागेत ऋतू सांगायचा, प्रसंग सांगायचा आणि मनातलंही सांगायचं. हे साधतं कसं? जुन्या वळणाच्या हायकूत ऋतू दाखवणारा एक शब्द असतोच. त्याला ‘किगो’ म्हणतात, आणि अशा शब्दांचे कोशही आहेत.

त्या कोशात नुसता ‘चंद्र’ शोधा, तो शरदात सापडेल. चंद्र बारा महिने उगवतो, हे काय जपानी माणसाला ठाऊक नाही? पण निवळलेल्या आभाळातला चंद्र तोच खरा, असं ठरून गेलं. दुसऱ्या ऋतूतला हवा असेल, तर कवीला तसं वेगळं सांगावं लागतं. जुन्या पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला तिथे चंद्रापुढे नव्या अळकुड्या ठेवतात. आपल्या कोजागिरीच्या बहुधा महिनाभर आधीची ही रात्र. या चंद्राचं एक नावच मुळी ‘अळकुड्यांचा चंद्र’ असं आहे.

बुजगावणंदेखील शरदातलं, कारण तेव्हा भात पिकतं. दव, रातकिड्यांची किरकिर, लाल चतुर, मेपलची तांबडी पानं, हे सगळं त्याच ऋतूचं. शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलंच पुष्कळसं कवींनी घेतलं आहे.

एक घोटाळा मात्र झाला. १८७३ साली जपानने युरोपीय कालगणना स्वीकारली. सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री आकाशगंगेपलीकडून विणकरीण आणि गुराखी भेटतात, अशी तिथली कथा. आपले अभिजित आणि श्रवण हे तारे, तेच हे दोघं. हा सण आता पुष्कळ ठिकाणी ७ जुलैला येतो, म्हणजे ऐन पावसात! तारे दिसायची पंचाईत. पण जुन्या वळणाच्या कोशात तो अजून शरदातच आहे. मला यात कोशाचा हट्ट दिसत नाही, जुन्या पंचांगाची आठवण दिसते.

बाशोची (१६४४-१६९४) एक प्रसिद्ध हायकू आहे. वाळकी फांदी, तीवर बसलेला कावळा, आणि शरदाची संध्याकाळ. मूळ शब्दांचा अर्थ ‘शरदाची अखेर’ असाही होतो. ‘मी उदास आहे’ असं तो म्हणत नाही. ते काम ऋतूच करतो.

आणि मासाओका शिकी. क्षयाने पोखरलेला हा कवी १८९५ च्या शरदात नारा भागात थांबला होता. तिथे काकी नावाचं केशरी फळ पिकतं, आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतलं. ते खाणं आणि होर्युजी मंदिराची घंटा, एवढंच त्याने हायकूत ठेवलं. आजाराचं अक्षरही नाही. १९०२ साली, पस्तिशीच्या आतच, तो वारला. काकीचा हंगाम आला, की जपानात ही हायकू अजून आठवतात.