आधी पाणी निवळू द्या

दूरदूरहून आलेले संशोधक आणि माझ्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

पंचगंगेच्या काठी आपलं सर्वांचं स्वागत करतो. या नदीवर केंदाळ माजतं ते पाण्यात मिसळलेल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. शहराचं सांडपाणी, कारखाने यांवर आपण बोलतो. गोठा धुतलेल्या पाण्यावर फारसं बोलत नाही. हा म्हशींचा मुलूख आहे. रोज गोठे धुतले जातात आणि शेणामुताचं पाणी गटारातून ओढ्याला, ओढ्यातून नदीला जातं.

या पाण्यातलं तेच खत उथळ हौदात सूक्ष्म शेवाळाला खाऊ घालायचं, हा आपल्या परिषदेचा विषय. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात यामागचं गणित मांडलं. जिवाणू घाण कुजवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो; शेवाळ उन्हाच्या जोरावर तो घेतं आणि प्राणवायू सोडतं; त्या प्राणवायूवर जिवाणूंचं काम पुढे चालतं. पाण्यात हवा भरणाऱ्या यंत्रांची वीज वाचते. मला या जोडीचं फार अप्रूप वाटतं.

या शेवाळातून मिळणाऱ्या इंधनाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. अमेरिकेनं १९७८ ते १९९६ शेवाळापासून इंधन काढण्याचा सरकारी कार्यक्रम चालवला. खनिज तेलापुढे ते महागच ठरलं. एकपेशीय शेवाळ पाण्यातून वेगळं काढण्यातच पैसा आणि वीज खर्ची पडते. जिवाणूंबरोबर गोळे धरून ते आपोआप तळाशी बसलं, तर हा खर्च उतरतो. तो गाळ परड्यातल्या गोबरगॅसमध्ये घातला, की त्याच गॅसवर शेगडी पेटते. शेतकऱ्याला परवडेल असं जैवइंधन माझ्या मते हेच. डिझेलची आशा दाखवून त्याला हौद बांधायला लावू नका. पाणी निवळतं, एवढं कारण पुरेसं आहे.

आमच्या अडचणीही ऐका. गोबरगॅसची स्लरी शेवाळाच्या हौदात सोडावी, तर ती काळी असते, तिच्यात ऊन शिरत नाही, आणि तिच्यातला अमोनिया शेवाळाला झेपत नाही. ती पातळ करायची, तर उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं? आणि जून ते सप्टेंबर आभाळ भरून आलेलं असताना हौद कसा चालवायचा? प्रयोगशाळेतल्या दिव्याखालच्या आकड्यांपेक्षा या चार महिन्यांवर अधिक बोला, ही कळकळीची विनंती.

संध्याकाळी धारेच्या वेळी गोठ्यांवर जाण्याची सोय केली आहे. पाणी किती आणि कुठं वाहतं ते तिथंच पाहता येईल. समस्त कोल्हापूरकरांच्या वतीनं पुन्हा एकदा आपलं स्वागत करतो आणि अध्यक्षांना सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.